‘मुद्दाम केलं का, चुकून झालं!’ मग पैसे कुणी द्यायचे?

गणपती उठले की पुण्यात घरोघरी हातोडे वाजायला लागतात. दिवाळीच्या आत रंग, बाथरूम, किचनचा ओटा सगळं उरकायचं असतं, आणि मग पंधरा-वीस दिवसांनी माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो. यावेळच्या पत्रांत एकच वाक्य इतक्यांदा आलंय की मी त्याखाली रेघ मारायचं सोडून दिलं, ‘मुद्दाम केलं का, चुकून झालं.’ म्हणून या महिन्यात भाडेकरू, पार्किंग आणि सोसायटीतली कुत्री बाजूला ठेवते, फक्त हाच विषय घेते.

ताई नमस्कार. आमचा फ्लॅट सहकारनगरला दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग १९८८ ची. बाथरूमचं काम काढलं, मटेरियल-मजुरी धरून २ लाख ४० हजार ठरले, पैकी १ लाख ७५ हजार दिलेत. तिसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा पोरगा ब्रेकरने जुन्या टाइल्स काढत होता तर भिंतीतला पाइप फुटला. त्याला मेन कॉक कुठेय माहीत नाही, तो गच्चीवर पळाला, गच्चीला कुलूप, चावी चेअरमनकडे आणि चेअरमन मंडईत. पाऊण तास पाणी चालू. आमच्या बेडरूमचं लॅमिनेटचं फ्लोअरिंग फुगलं (कोटेशन ४२ हजार), टीव्ही खाली काढून ठेवला होता तो गेला (२०१८ मध्ये ३६ हजारांना घेतलेला), आणि खालच्या काकांच्या हॉलचं अर्धं पीओपी सीलिंग खाली आलं. काका माझ्याकडे ८० हजार मागतायत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मुद्दाम केलं का, पाइपच जुना होता. बाथरूम नंतर त्याने पूर्ण केलं आणि चांगलं केलं, ते खोटं बोलणार नाही. पण उरलेले ६५ हजार अडवू का? आणि काकांचं कुणी बघायचं?
— एक वाचक, सहकारनगर

त्याने मुद्दाम केलं असं कुणीच म्हणत नाहीये हो. मुद्दाम पाइप फोडणारा गवंडी मी तरी अजून पाहिला नाही, आणि तसं असतं तर तुम्ही मला पत्र लिहीत बसला नसतात, पोलीस चौकीत गेला असतात. भरपाईचा प्रश्न येतो तेव्हा एवढंच बघायचं असतं की हेच काम एखाद्या जाणत्या माणसाने केलं असतं तर त्याने आधी काय खबरदारी घेतली असती, आणि ती याने घेतली का. जुनी भिंत फोडायच्या आधी मेन कॉक शोधायचा, तो फिरवून बघायचा (तीस वर्षं न फिरलेला कॉक ऐनवेळी फिरत नाही, हे कुठल्याही प्लंबरला झोपेतून उठवून विचारा), गच्चीची चावी मागून घ्यायची, आणि मग ब्रेकर लावायचा. तुमच्याकडे यातलं काहीच झालेलं दिसत नाही.

आणि ‘पाइप जुना होता’ हे तर त्याच्याच अंगावर येतं. ८८ सालच्या बिल्डिंगच्या भिंतीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असणार, तो आतून गंजत आलेला असणार, हे तुम्हाला-मला माहीत नसलं तर चालेल, जो बाथरूम फोडायचे पैसे घेतो त्याला माहीत असायलाच हवं. पाइप जुना म्हणूनच तर जास्त जपायचं होतं ना! हां, त्याने पाणी बंद करू का विचारलं आणि तुम्ही म्हणालात की नको, घरात पाहुणे आहेत, किंवा लाइन या भिंतीत नाहीच असं तुम्ही ठामपणे सांगितलंत, तर मात्र थोडा भार तुमच्याकडे येतो. तसं काही झालं असेल तर ते आत्ताच मनाशी कबूल करून ठेवा, कारण समोरचा ते बोलणारच.

माझ्याच घरी काही वर्षांपूर्वी वॉटर प्युरिफायर बसवायला आलेल्या मुलाने ड्रिल थेट भिंतीतल्या वायरमध्ये घातलं. फट्कन आवाज, अर्धं घर बंद. त्याने मला एमसीबी (वीज बंद करायचा बोर्डावरचा स्विच) पाडा म्हणून सांगितलं होतं आणि मी फोनवर बोलत होते, पाडलाच नाही. वकील असून मी त्या दुरुस्तीचे अर्धे पैसे गुपचूप भरले.

आता कायदा. कॉन्ट्रॅक्टरने काम नीट आणि काळजीने करायचं हे करारात लिहिलेलं नसलं तरी गृहीत असतं, आणि करार तोंडी असला तरी तो करारच. करार मोडल्यामुळे नेहमीच्या ओघात जे नुकसान होतं ते भरून द्यावं लागतं, हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, त्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येतच निष्काळजीपणामुळे ग्राहकाला झालेलं नुकसान घातलंय. ‘तो पोरगा माझा कायमचा माणूस नाही, मजूर अड्ड्यावरून आणला होता’ असं कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, म्हणू दे. काम त्याने घेतलं, माणूस त्याने लावला, काय करायचं ते त्याने सांगितलं, त्यामुळे तुमच्यापुरता जबाबदार तोच. पोराला मध्ये ओढू नका.

रक्कम किती, इथे लोक फार गडबड करतात. टीव्ही २०१८ चा, तर नव्या टीव्हीचे पैसे मिळणार नाहीत, आज तो विकला असता तर जे आले असते तेवढेच, समजा ९ हजार धरू. दुरुस्त होत असेल तर दुरुस्तीचा खर्च. फ्लोअरिंग मात्र फुगलेल्या पट्ट्या बदलून भागत नसेल, रंग जुळत नसेल, तर ४२ हजार मागणं रास्त आहे. म्हणजे तुमचे ५१ हजार. पाणी शिरल्यावर तुम्ही सामान उचललंत का, पुसून घेतलंत का, हेही बघितलं जातं, कारण त्याच कलम ७३ खाली स्पष्टीकरण आहे की नुकसान कमी करायला जे हातात होतं ते तुम्ही केलं का याचा विचार होईल. दोन दिवस गाद्या ओल्यात ठेवल्या आणि मग बुरशीचे पैसे मागितले तर कुणी देणार नाही. आणि या गोंधळात पुढच्या आठवड्यात घरी असलेलं मुंजीचं कार्य मंगल कार्यालयात करावं लागलं वगैरे लांबचे खर्च सहसा मिळत नाहीत, काम देताना त्याला तारीख बजावून सांगितली असेल तर बोलायला जागा राहते.

काकांचं जरा नाजूक आहे. त्यांचा कॉन्ट्रॅक्टरशी काही करार नाही, पण त्याच्या निष्काळजीपणामुळे त्यांचं नुकसान झालं म्हणून ते थेट त्याच्यावर दावा करू शकतात, दिवाणी कोर्टात (ग्राहक आयोगात नाही, ते काही त्याचे ग्राहक नाहीत). तुम्ही जबाबदार का? साधारण नियम असा की स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टरच्या चुकीसाठी त्याला काम देणारा सहसा जबाबदार नसतो, पण त्याला अपवाद आहेत, आणि तुमच्या बाबतीत एक कागद बघायला हवा. काम सुरू करायच्या आधी सोसायटीला परवानगीचा अर्ज दिलात ना? त्यावर बहुतेक ठिकाणी खाली बारीक अक्षरात हमी असते, ‘कामामुळे इतर सभासदांचं नुकसान झाल्यास भरून देईन.’ त्यावर सही असेल तर काकांना तुम्ही द्यायचे आणि कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करायचे. सही नसली तरी माझा सल्ला तोच राहील. जिन्यात रोज तोंड दिसणार आहे त्या माणसाचं, आणि त्यांना कोर्टाची पायरी दाखवून तुम्ही काय मिळवणार. पण ८० हजार हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. सीलिंग अर्धं पडलंय, दोन कोटेशन मागवा, काकांना बरोबर बसवून मागवा, समजा ४५ हजार आले, रंग धरून.

मग हिशेब असा: तुमचे ५१, काकांचे ४५, एकूण ९६ हजार. अडवलेले ६५ त्यात वळते करायचे आणि वरचे ३१ मागायचे. अडवा, पण लेखी अडवा. नुसतं फोन न उचलणं याला अडवणं म्हणत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, कोटेशन, आकडे पाठवून लिहा की तुमचे ६५ हजार देणं मला मान्य आहे, नुकसान इतकं झालंय, ते वजा करतोय, स्वतःच्या माणसांकडून फ्लोअरिंग-सीलिंग करून देणार असाल तर १५ दिवसांत सांगा. ही शेवटची ऑफर द्याच, पुढे तुमची बाजू भक्कम होते आणि पुष्कळदा कॉन्ट्रॅक्टरला ते स्वस्तात पडतं म्हणून तो येतोही. नुकसान २० हजारांचं असतं आणि तुम्ही ६५ दाबून बसला असतात तर मी उलट तुम्हालाच रागावले असते.

एक काम चुकूनही करू नका: त्याचा ब्रेकर किंवा ग्राइंडर ठेवून घेणं. ‘पैसे दे आणि मशीन ने’ हा खास आपल्याकडचा प्रकार आहे, आणि मग तो चौकीत जातो आणि तुमची मूळ तक्रार राहते बाजूला.

नाहीच ऐकलं तर स्पीड पोस्टाने नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरला फोन करून बघायला हरकत नाही, फुकट आहे. आयोगात तुम्ही कामासाठी मोजलेली रक्कम ५० लाखांच्या आत असली की जिल्ह्याला चालतं, ५ लाखांपर्यंत फीच नाही, वकील लावायची सक्ती नाही, तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. घटनेपासून २ वर्षांच्या आत मात्र करा. मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे थोडेफार पैसेही आयोग देतो, पण त्या नावाखाली ५ लाख मागणाऱ्यांना मी नेहमी विचारते, तुमच्या मानसिक त्रासाचं कोटेशन कुणाकडून घेतलंत?

आणि घराचा विमा असेल तर आजच पॉलिसी काढून बघा. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून होणारं नुकसान येतं. विमा कंपनीने पैसे दिले तर ती नंतर कॉन्ट्रॅक्टरच्या मागे लागू शकते, म्हणून परस्पर ‘माझं काही येणं नाही’ असं त्याला लिहून देऊ नका.

मी कोथरूडला राहतो. गॅलरीचं जुनं लोखंडी ग्रिल काढायला मजूर अड्ड्यावरून दोघांना रोजावर आणलं, मी स्वतः उभा राहून करून घेत होतो. एक तुकडा सुटला तो खाली शेजाऱ्यांच्या अ‍ॅक्टिव्हावर. मजूर म्हणाले साहेब तुम्हीच म्हणालात जोरात ओढा. आता शेजारी मला खर्च मागतोय. मजुरांच्या रोजातून कापला तर चालेल का?
— एक वाचक, कोथरूड

चालणार नाही, काका, आणि तुम्ही विचारताय यातच उत्तर आहे. वरच्या पत्रात मध्ये कॉन्ट्रॅक्टर होता, इथे तुम्हीच कॉन्ट्रॅक्टर झालात. माणसं तुम्ही आणली, हत्यार तुम्ही दिलं असेल, ओढा तुम्ही सांगितलं. खाली गाड्या आहेत हे दिसत होतं, त्या हलवायला सांगणं किंवा दोरी बांधून तुकडा खाली सोडणं हे तुमचं काम होतं. अ‍ॅक्टिव्हाचा खर्च तुम्ही द्यायचा.

शेजाऱ्याला एवढं विचारा की त्याचा गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी आहे का पूर्ण आहे. पूर्ण असेल तर त्याला तिथून क्लेम करता येईल आणि तुम्ही त्याच्या खिशातून गेलेला फरक भरा, दोघांचंही भलं. आणि तुकडा अ‍ॅक्टिव्हावर पडला, अ‍ॅक्टिव्हावर बसलेल्या माणसावर नाही, म्हणून आज आपण इतक्या हलक्या आवाजात बोलतोय. पुढच्या वेळी उंचीवरचं काम असेल तर रोजावरची माणसं घेऊन स्वतः मुकादम होऊ नका, पाचशे-हजार वाचवायला जाल आणि मजूरच पडला तर तो खर्च आणि ते दुःख दोन्ही तुमच्याच दारात येईल.

आमचा सदाशिव पेठेत जुना वाडा, चार खोल्यांचं वॉटरप्रूफिंग आणि गिलावा करायचाय. कोटेशनच्या खाली छापलंय, ‘कामादरम्यान होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार राहणार नाही.’ सही करू का? तो म्हणतो हे सगळ्यांच्याच कोटेशनवर असतं.
— एक वाचक, सदाशिव पेठ

सगळ्यांच्या असतं हे खरं आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हेही सगळ्या दुकानांत असतं.

ते वाक्य छापलं म्हणून त्याच्या निष्काळजीपणाला आपोआप माफी मिळत नाही. अशा सरसकट वाक्याचा अर्थ लावताना शंका असेल तर ज्याने ते लिहिलं त्याच्या विरुद्ध लावतात, आणि एकतर्फी कराराविरुद्ध ग्राहक कायद्यात आता तरतूदही आहे (त्यासाठी मात्र जिल्हा नाही, राज्य आयोगात जावं लागतं). पण हे सगळं नंतरचं भांडण. तुम्ही अजून सही केलेली नाही, म्हणजे सध्या सगळ्यात ताकद तुमच्या पेनात आहे. ते वाक्य खोडा, खोडल्यावर दोघांनी बाजूला सही करा, आणि त्या जागी साध्या मराठीत लिहा की काम करताना तुमच्या किंवा तुमच्या माणसांच्या हलगर्जीपणाने आमचं किंवा शेजाऱ्यांचं नुकसान झालं तर तुम्ही दुरुस्त करून द्याल किंवा खर्च द्याल. शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस झाल्यावर, वॉटरप्रूफिंगच्या कामात हे तर मी हट्टाने लिहायला लावते.

थोडं त्याच्या बाजूनेही बोलते. वाड्याच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया, एका खोलीत हातोडा मारला की शेजारच्या खोलीतला पोपडा पडतो, तो कितीही जपला तरी. तेवढ्यापुरतं त्याला सूट देणं न्यायाचं आहे. म्हणून काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, कुठे आधीच तडा आहे, कुठली तुळई पोखरलीय, बोलत बोलत काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि देवघरावरचं झुंबर, आजोबांचं लंबकाचं घड्याळ वगैरे त्याच्या भरवशावर ठेवू नका, काढून भाचीकडे नेऊन ठेवा.

मॅडम, मी स्वतः छोटा कॉन्ट्रॅक्टर आहे, हडपसरला. सगळेजण आम्हालाच धरतात म्हणून लिहितोय. एका घरी पीओपी आणि रंगाचं काम केलं, काम संपल्यावर ग्राहक म्हणतो शोकेसची काच तुमच्या माणसांनी फोडली, ४० हजार दाबून ठेवलेत. माझी माणसं त्या शोकेसला हात लावला नाही म्हणतात. मी आधीच सांगितलं होतं की शोकेस हलवा, त्यांनी हलवली नाही.
— एक वाचक, हडपसर

दादा, बरं झालं लिहिलंत, माझ्याकडे तुमच्या बाजूची पत्रं कमी येतात. तुमच्या माणसांनी फोडली हे सिद्ध करायची जबाबदारी पहिल्यांदा ग्राहकावर आहे, तुम्ही नाही फोडली हे सिद्ध करायची तुमच्यावर नाही. फक्त एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाऊ शकते. ते आठ दिवस खोलीचा ताबा पूर्ण तुमच्या माणसांकडे असेल, घरचे दुसरीकडे राहायला गेले असतील आणि चावी तुमच्याकडे, तर ‘मग फोडली कुणी?’ हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईलच, आणि तेव्हा नुसतं ‘आम्ही नाही’ पुरणार नाही. घरचे तिथेच वावरत असतील तर गोष्ट वेगळी.

शोकेस हलवा हे तुम्ही कसं सांगितलंत? तोंडी असेल तर त्याची आठवण आता फक्त तुम्हालाच असणार. व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर तो मेसेज सोन्याचा आहे, डिलीट करू नका, फोन बदलताना तर अजिबात नाही. नसला तर काम चालू असतानाचे फोटो शोधा, तुमच्या पोरांनी काम दाखवायला काढलेल्या एखाद्या फोटोत मागे ती शोकेस अख्खी किंवा आधीच फुटलेली दिसेलही. एका केसमध्ये माझा अशील असाच वाचलाय, छताचा फोटो होता आणि कोपऱ्यात आरसा दिसत होता.

आणि काच समजा ४ हजारांची आहे तर ४० अडवता येत नाहीत. तसं लेखी कळवा, ३६ हजार ताबडतोब मागा, काचेच्या ४ हजारांवर वाद ठेवा, बहुतेक ग्राहक तिथे विरघळतात. बिलाच्या वसुलीचा दावा ३ वर्षांत करता येतो, पण तितका वेळ थांबू नका. मोठी कामं घेत असाल तर कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क म्हणून विमा मिळतो, त्यात थर्ड पार्टीच्या नुकसानीचा भाग असतो, काम जिथे चालू आहे तिथली ग्राहकाची जुनी मालमत्ता त्यात येते का ते मात्र एजंटकडून लिहून घ्या. तिथेच घोळ होतो.

किचनचं काम करताना हॉलमधल्या चार टाइल्सना तडा गेला. ते डिझाइन आता बंद झालंय. पूर्ण हॉलच्या टाइल्स बदलून मागू शकते का?
— एक वाचक, बिबवेवाडी

मागू शकता, मिळतील असं वाटत नाही. चार टाइल्सच्या नुकसानीपोटी चारशे चौरस फुटांची फरशी कुठलाही आयोग सहजासहजी देणार नाही, फारच विचित्र दिसत असेल तर दारासमोरचा पट्टा वेगळ्या रंगात करून देणं किंवा थोडी रक्कम कमी करणं, इतकंच. आधी दिवाणाखालच्या, कपाटामागच्या टाइल्स काढून पुढे लावता येतात का ते बघा, चांगला फरशीवाला अख्ख्या काढतो, आणि त्याची मजुरी कॉन्ट्रॅक्टरकडून घ्या. आणि माळ्यावर बघितलंत का? बिल्डरने पझेशनच्या वेळी दिलेला उरलेल्या टाइल्सचा खोका बऱ्याच घरांत तिथे असतो, वर ख्रिसमसच्या चांदण्या आणि गौरीचे मुखवटे ठेवलेले असतात म्हणून दिसत नाही.